खाडीपलीकडे न गेलेला निरोप

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते फणस फोडण्याचं. बुधवारची सकाळ होती. फणस वाडीतल्या एकानं आणून टाकलेला. ती कोयत्याला तेल लावत होती, मी फणस दोन पायांत धरून बसलो होतो आणि आम्ही भांडत होतो. मी म्हणत होतो कापा, म्हणजे कडक गऱ्यांचा, ती म्हणत होती बरका, म्हणजे मऊ. फोडला तर बरका.

"सांगलंय नाय मी?"

"तुका कसा कळला?"

"वासान. तुमच्या नाकाचो उपेग शिंकरण्यापुरतो."

असं आमचं शेवटचं प्रेमाचं बोलणं. दुपारी ती गेली आणि संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. बायका म्हणाल्या, भाग्यवान गो, सवाष्ण गेली. मेली तीच आणि भाग्यवानही तीच, हा हिशोब मला चौथी शिकलेल्याला काही सुटला नाही.

पण मला तिच्या मरणाचं लिहायचं नाही. मरतात सगळ्यांच्याच बायका. परदेशात जाऊन फुकट राबून येणारी मात्र आमच्या पंचक्रोशीत ती एकटीच, ते लिहितो.

परदेश म्हटल्यावर विलायत समजू नये. आमचं गाव तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडच्या काठाला, आणि तेव्हा पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य. आमचा कोंबडा आरवला की परदेशातली माणसं जागी व्हायची. होडीत बसावं, होडी वल्हवणारा तारी एक विडी ओढेपर्यंत परदेश यायचा. मोठ्या बोटीनं परदेशी जाणाऱ्याला उलट्या तरी होतात, घरी येऊन सांगायला काही राहतं. आम्हाला तेवढंही सुख नव्हतं.

ती पलीकडे जायला लागली ते आमच्या मुलीपायी. आम्हाला एकच मुलगी झाली, आणि तिच्या पायांत जीव नव्हता. मी मेस्त, म्हणजे सुतार. लाकूड वाकडं निघालं तर काय करायचं ते मला कळतं. पायाचं कळत नव्हतं. तरी तिच्यासाठी सागवानी पांगुळगाडा केला, चाकं अशी गुळगुळीत की बोटानं ढकललं तरी पळावीत. ती त्याला धरून कधी उभी राहिली नाही. चार वर्षांची होऊन तापानं गेली. गाडा पडवीत राहिला. येणाराजाणारा म्हणायचा, "काय काम केलंस रे मेस्ता!" असं कौतुक दुश्मनाच्याही वाट्याला येऊ नये.

एके दिवशी बायकोनं गाडा डोक्यावर घेतला आणि जाऊन होडीत बसली. पलीकडे टेकडीवर मादरींचं घर होतं. मादर म्हणजे ख्रिस्ती जोगिणी. त्यांच्याकडे लुळी, पांगळी, डोक्यानं अर्धी पोरं ठेवलेली असतात, असं तिनं मासे विकणारणींकडून ऐकलं होतं. गाडा द्यायला म्हणून सकाळी गेली, ती दिवे लागताना परत आली.

"गाडो दिलंस?"

"दिलंय."

"मगे इतको वेळ?"

"थंय पोरां जमनीर पडली आसत. केसांत उवो. विंचरलंय."

"सगळ्यांचे?"

"अर्धी रवली. येत्या गुरवारा करतंय."

त्या राहिलेल्या अर्ध्या डोक्यांसाठी ती चार वर्षं दर गुरुवारी जात राहिली. परदेशातल्या डोक्यांची वाढ जोरात असावी.

गावाला हे कसं सोसावं? नवरा धाडत नाही, पैसा मिळत नाही, आणि बाई दर आठवड्याला मादरींकडे जाते. कोणी म्हणालं बाटली, कोणी म्हणालं तिला तिथं पाव चारतात. शेवटी देवळात कौल लावला. आमच्याकडे देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गावकर म्हणजे देवळाचा मानकरी, त्यानं गाऱ्हाणं घातलं, ही बाई शुद्ध आसा तर उजवी दी म्हाराजा. पाकळी उजवी पडली. मग काय, उत्तर आवडलं नाही म्हणून पुन्हा लावला. पुन्हा उजवी. गावकर मला म्हणाला, "देव आज जरा घायत आसा, तिसऱ्यान लावूक नको." देवाला घाई असल्यामुळे माझी बायको शुद्ध राहिली.

आमच्या काठावरच्या कस्टमच्या शिपायाचं दुःख वेगळं. पलीकडून येणारा प्रत्येक जण काही ना काही लपवून आणायचा. कोणी घड्याळ, कोणी ब्लेडं, कोणी पोटाला बांधून दारूच्या बाटल्या. हिच्या डोक्यावर भलं मोठं गाठोडं. शिपाई खूश.

"काय गो हाडलंस?"

"कपडे. पोरांचे. शिवूक."

"सोड बघया."

"हात घाल ना. मुताचे आसत."

त्यानं हात घातला. त्यानंतर चार वर्षं तो तिचं गाठोडं दिसलं की दुसऱ्या देशाकडे बघायचा. सोनं आणायचं ठरवलं असतं तर आज आमची माडी असती. पण तिला धंद्याची अक्कल नव्हती.

मी तिच्या या परदेशगमनाला विरोध केला, असं कोणी समजू नये. मी फक्त दर गुरुवारी जेवताना तोंड वाकडं केलं, मिठाला नावं ठेवली, आणि गुरुवार असल्यामुळे हे होतं असं सुचवलं. तिनं मीठ वाढवलं आणि गेली. मग एकदा म्हणाली, मोठ्या पोरांना तो लहान गाडा पुरत नाही, तुम्ही येऊन मापं घ्या आणि उंच गाडे करून द्या. मी गेलो. त्या काळात मी परदेशी गेलो तो दोनदाच, या गाड्यांपायी.

आता मेस्त मापं घेणार कशी? मला जी पद्धत ठाऊक तीच. फळी आडवी ठेवायची, गज लावायचा, खूण करायची. पोरं चटयांवर पडलेलीच होती. टाचेपासून काखेपर्यंत गज लावला आणि सूतभर इकडेतिकडे होऊ न देता तीन गाडे केले. पुढच्या गुरुवारी बायकोबरोबर पोचते केले. तिनं पोरांना त्यांत उभं केलं आणि तिन्ही पोरं काखांत अडकून लोंबायला लागली, पाय हवेत. वाळत घातलेले सदरे जसे. उभं राहताना त्यांचे गुडघे सरळ होतच नव्हते. निजलेल्या पोराचे पाय मादर ओढून सरळ करते आणि मी ते माप धरतो, एवढं माझ्या शहाण्या डोक्यात शिरलं नव्हतं. दारं-खिडक्यांना गुडघे नसतात, त्याचा हा परिणाम.

त्यांतली एक पाच वर्षांची मुलगी लोंबता लोंबता मला म्हणाली, "मेस्ता, माका खाली काड. माका उडूक येणा नाय."

बायको हसून हसून खाली बसली. मग पोरं हसली, मग मादर हसली. मी करवत घेतली, गाड्यांचे पाय तिथंच वीतभर कापले आणि चाकं पुन्हा बसवली. ती मुलगी त्या दिवशी गाडा धरून उभी राहिली. बायको आकडे म्हणत होती, पोर दहापर्यंत टिकली. तिला घरचं कोणी भेटायला येत नसे. बायकोला ती मावशे म्हणायची. तेव्हापासून आमच्या घरात जेवताना त्या पोरीचे आकडे. आज पंधरा. आज वीस, पण मध्ये दार धरलं. मी विचारत नव्हतो, पण ऐकत होतो.

मग पंचावन्न साल आलं. सत्याग्रही पलीकडे गेले, गोळ्या झाल्या, माणसं मेली, आणि आपल्या सरकारनं सीमा बंद केली. चार वर्षं मीठ-मिरची करून मला जे जमलं नव्हतं ते दोन सरकारांनी मिळून एका दिवसात केलं. माझी बायको गुरुवारी घरी बसली.

तिच्या जिवाला एकच लागलं होतं. मागच्या गुरुवारी निघताना ती पोरीला म्हणाली होती, येत्या गुरुवारी येते. पोर नेहमीसारखी दारात येऊन बसणार. कागद धाडून उपयोग नाही, हिला लिहिता येत नाही आणि तिला वाचता येत नाही. आमच्या वाडीतला एक जण मात्र बंदीतही जिवावर उदार होऊन होडी घालायचा, देशासाठी नव्हे, ब्लेडांसाठी. बायको मला म्हणाली, "त्येका सांगा. मादरींच्या दारात जावन इतक्याच सांग म्हणा. मावशी येवची नाय, वाट बंद केलीहा. वाट बघू नको."

मी गेलो. तो चहाच्या दुकानावर बसला होता, भोवती पाचसहा जण. देशाच्या गोष्टी चाललेल्या. कोण मेला, कोणाचा पाय गेला. तिथं मी जाऊन काय सांगणार? एका पांगळ्या पोरीला निरोप द्यायचा आहे? म्हणाले असते, मेस्ताची बायको पाखल्यांक निरोप धाडता. पाखले म्हणजे पोर्तुगीज. मी चहा प्यालो. गप्पा ऐकल्या. घरी आलो.

"सांगलास?"

"सांगलंय."

एवढंच. मनात म्हटलं, महिन्या दोन महिन्यांत वाट उघडेल, मग कोण विचारतो.

वाट सहा वर्षं उघडली नाही.

पंधरा दिवसांनी तिनं विचारलं, काय म्हणाली पोर? आता निरोप दिल्यावर उत्तर नको? मी म्हटलं, रडली, पण मग गप्प झाली. बायकोनं डोळे पुसले आणि कामाला लागली. मला वाटलं, सुटलो. दर दोनतीन महिन्यांनी ती विचारायची, आणि माणसाच्या तोंडाला एकदा रंधा लागला की भुगा पडतच राहतो. सहा वर्षं मी त्या पोरीला आमच्या पडवीत बसून वाढवली. पहिल्या वर्षी तिचे दात पाडले. दुसऱ्या वर्षी काही न धरता उभी केली. तिसऱ्या वर्षी दोन पावलं टाकायला लावली. त्या दिवशी बायकोनं तांदळाची खीर केली. मी खाल्ली. चांगली झाली होती. चौथ्या वर्षी पोरीला गोवर आणला, कारण नुसतं चांगलंच सांगत राहिलं की संशय येतो. गोवरातून तिला मीच बरी केली. पाचव्या वर्षी पायऱ्या उतरवली.

होडीवाला दिवसा चहाच्या दुकानावर, रात्री पाण्यावर, त्यामुळे हिची त्याची गाठ पडली नाही, आणि दुसऱ्याच वर्षी तो मुंबईला गिरणीत लागला. तेव्हा मला निरोप आणायला आणखी एक माणूस जन्माला घालावा लागला, खाडीच्या वरच्या अंगाचा, जरा तोतरा. तोतरा कशाला केला, देवाला ठाऊक. खरा वाटावा म्हणून असेल. बायको म्हणायची, त्याला एकदा जेवायला बोलवा. मी म्हणायचो, तो चोरीचा धंदा करणारा, लोकांच्या डोळ्यावर येईल.

एकसष्टच्या डिसेंबरात आपलं लष्कर गेलं आणि पोर्तुगीज पळाले. गावानं फटाके उडवले, पेढे वाटले. गावात त्या दिवशी स्वातंत्र्याचं वाईट वाटणारा एकटा मीच असेन. वाट नीट सुरू झाली तशी बायकोनं पेटीतलं लुगडं काढलं, बोरांची पुरचुंडी बांधली, आणि गुरुवार बघून निघाली. मी म्हणालो, अजून गडबड असेल, पुढच्या महिन्यात जा. ती ऐकते कशाला? सहा वर्षांत प्रथमच तिला चालणारी पोर बघायला मिळणार होती.

संध्याकाळी आली. पाय धुतले. चूल पेटवली, मला वाढलं. मी दोन घास खाल्ल्यावर समोर बसली.

"तुमी चलवलास ता चेडू खंयचा?"

चेडू म्हणजे मुलगी. मी भात कालवायला घेतला.

"थंय एक चेडू आसा. बारा वर्सांचा. दर गुरवारी मादरीक सांगता, माका दारात नेवन बसय. मादर आता कित्याक म्हणान इचारीत पण नाय. नेता आणि ठेवता. माका बघल्यान आणि काय म्हणाला, म्हायत आसा?"

"काय?"

"उशीर झालो गो मावशे तुका."

मग उठली, भाताचं भांडं खाली उतरवलं आणि पाठ माझ्याकडे असताना म्हणाली, "पाय सुकले तिचे. माझ्या मनगटाएवढे झाले. कोण धरून उभ्या करतला? मादरी दोन आणि पोरां खोलीभर. तुमचो तो निरोप्यो माका एकदा दाखया हां. पाया पडतंय त्याच्या."

एवढंच बोलली. पुढे पाच वर्षांत तो विषय एकदाही काढला नाही. याला लोक क्षमा म्हणत असतील. ज्यानं ती भोगली नाही त्यानं खुशाल म्हणावं. मला वाटायचं, हिनं एकदा केरसुणी उचलावी. ती मात्र माझ्या आवडीचं कुळथाचं पिठलं करायची आणि गुरुवारी जायची.

आता खाडीपलीकडे परदेश राहिला नव्हता, त्यामुळे गावानं तिच्यात रस घेणं सोडलं. पोरीची उभं राहायची वेळ गेलेली. बायकोनं मला जमिनीलगत चालणारा पाट करायला लावला, खाली चार चाकं, हातानं ढकलत जायचा. माप तिनंच आणलं, सुतळीला गाठी मारून, पोरीला बसवून घेतलेलं. माझ्या मापावर तिचा विश्वास नव्हता. पाट मी केला, दरवर्षी नवी चाकं केली, पण टेकडी चढलो नाही. कोणत्या तोंडानं चढणार? बायको सांगायची की पोरगी आता लहान पोरांना भरवते, वेण्या घालते, शिव्या पण देते. हे खरं असणार, कारण हे ती सांगत होती.

मग तो फणसाचा बुधवार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि वहाणा घातल्या. थोरला भाऊ ओसरीवर बसलेला, तो आडवा आला.

"खंय चललंस?"

"पलीकडे."

"खुळो झालंस? काल आग दिलंस तू. धा दिवस उंबरो सोडूचो नाय. आणि खाडीचा पाणी हुपून पलीकडे जातंस?"

"आज गुरवार."

"गुरवारान काय होता?"

त्याला काय सांगणार, गुरुवारानं काय होतं ते. मी निघालो. तारी मला बघून होडीतच उभा राहिला. "मेस्ता, सुतकात माझी होडी बाटवतंस?" म्हणाला. मी काठावरच्या दगडावर बसलो. तो वल्ह्यावर हात ठेवून बघत राहिला. दर गुरुवारी पहिल्या खेपेला ती असायची. मग म्हणाला, "बस मागल्या टोकाक. माका शिवा नको." आणि नेलं.

टेकडी चढताना मी चार वाक्यं बसवली. सांधा जुळल्याशिवाय मेस्त काही उभं करत नाही. शांतपणे गेली. काही त्रास झाला नाही. शेवटपर्यंत तुझं नाव तोंडात होतं. तू रडू नको म्हणाली. सहा वर्षांचा सराव होता, बेमालूम बसली होती.

पोरगी दारात होती, पाटावर. पोरगी कसली, बाई झाली होती सतरा वर्षांची. हात पैलवानासारखे आणि परकराखाली काही नाही असं वाटावं इतके पाय बारीक. तिनं मला लगेच ओळखलं, मग माझ्या मागे वाटेकडे बघितलं.

"मावशी खंय?"

"मावशी येवची नाय."

"आज?"

"आज नाय आणि मगे पण नाय. काल मेली. दुपारी. साजेक जाळली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू खरां सांगतंस काय रे मेस्ता?"

"खरां."

"मावशी म्हणायची, घोव माजो मेस्त बरो, पण बोलना धरू नको त्याचा."

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. माझा तोतरा, माझा गोवर, खीरसुद्धा. दोघी मला हसल्या असतील किंवा नसतील. मी पायरीवर बसलो.

मग तिनं विचारलं, "शेवटाक माजा नाव काढल्यान?"

वाक्य तयार होतं. तोंडापर्यंत आलंही. त्यानं तिला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं, आणि खोटं म्हणायला साक्षीदार कोणी उरला नव्हता.

"नाय," मी म्हटलं. "पाणी मागल्यान. माज्या हाताक चीक लागल्लो, मी तेल लावन काढी होतंय. थांब गो, म्हटलंय. पाणी घेवन गेलंय तर संपलेला."

पाटाची चाकं तिनं जागच्या जागी फिरवली, उंबऱ्याला लावलेल्या फळीवरून आत गेली. आतली खोली मला दिसत नव्हती, ऐकू येत होती. एकेका पोरापाशी पाट थांबत होता. ज्याला कळतं त्याला आणि ज्याला कळत नाही त्यालाही ती तेच सांगत होती, त्याच शब्दांत, ना एक जास्त ना एक कमी. मावशी काल मेली. ती येवची नाय. वाट बघू नको. मग पाट पुढच्या चटईकडे.

तारी दुपारशिवाय परत नेणार नव्हता. तोवर मी तिथंच बसून राहिलो.